भर उन्हाळ्यातली पावसाळी पँट

भर उन्हाळ्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, दुकानात जाऊन पावसाळी पँट मागणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आजवर एकच झाला, आणि तो माझ्या नशिबी बायकोचा मामा म्हणून आला. मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं लाल गाडी चालवली आणि मग निवृत्त झाले. म्हणजे कागदावर झाले. माझ्या मोटरसायकलवर मागे बसले की ते वळणाआधी डावा पाय दाबायचे, चढावर माझ्या कानाशी येऊन "जवाई, गेअर पाडा" म्हणायचे, आणि घाटकुळाच्या उतारावर तर डोळे मिटून घ्यायचे, कारण माझं ड्रायव्हिंग त्यांच्याने बघवत नसे. निवृत्तीचे पैसे आले की लोक घरावर मजला चढवतात. मामांनी तीन गळ आणले आणि वैनगंगेत जाऊन उभे राहिले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दिवसातून चार डाव पुलावरून नदी पाहिली जवाई, पण पुलावर स्टॉप नव्हता."

उभे राहिले म्हणजे अक्षरशः उभेच. काठावर सावलीत बसून मासे धरणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "काठावर बसून मासोळी धरणं म्हणजे फोनवरून लग्न लावणं," असं ते म्हणत. नदी उन्हाळ्यात आटून मधल्या डोहाएवढी उरते. त्या डोहाच्या कडेला गुडघाभर पाण्यात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, मामा सकाळी सहापासून दहापर्यंत उभे. पावसाळ्यात या नदीत कोणी पाय टाकू शकत नाही आणि थंडीत मामांची हाडं ऐकत नाहीत, म्हणून त्यांचा सगळा मोसम हा असा, आम्ही कूलरपुढून हलत नसू त्या दिवसांतला. हाती काय लागे म्हणाल, तर आठवड्याला एखादी मरळ. पण घरी येताना चेहरा असा, की वाटावं गाडी भरून प्रवासी वेळेवर पोचवून आले आहेत.

मग तीन वर्षांपूर्वी, होळीच्या सुमारास, त्यांच्या चपलेत खिळा निघाला. मामांना शुगर होती आणि उजवा तळपाय इतका बधिर झालेला की खिळा दिवसभर अंगठ्याखाली घुसत राहिला तरी यांना पत्ता नाही. संध्याकाळी मामींनी फरशीवर रक्ताचे ठसे पाहिले आणि आरडाओरडा केला, तेव्हा मामा म्हणाले, "कोनाचं होय हे?" डॉक्टरांनी जखम बांधली आणि स्पष्ट सांगितलं, पाय कोरडा ठेवा, जखम ओली राहिली तर पाय जाईल. बाहेर येताच मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय कोरडा ठेवा म्हनाले. नदीत जाऊ नोका असं कुठी म्हनाले?" मामी मागेच होत्या. त्या नवऱ्याला पुरत्या ओळखून होत्या, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. "जा तुमी नदीवर," त्या म्हणाल्या, "पन रोज घरी कोरड्या पायानं येजा. मी पाहीन." त्या दिवसापासून दाराशी जुनं वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. मामांनी आल्याबरोबर त्यावर उभं राहायचं, मामींनी कागद उचलून उजेडात धरायचा. ठसा उमटला तर दुसऱ्या दिवशी नदी बंद.

पाऊल पिशवीत बांधता येत होतं, पण गुडघाभर पाण्यात वरचा पाय झाकायचा कसा? असा पावसाळी पँटचा शोध सुरू झाला, आणि जावई म्हणून गाडी माझी. पहिली पँट घुग्घुसला घेतली, खाणीतले लोक पावसात वापरतात तसली, जाड रबरी. मामांनी ती घालून दुकानातच दहा मिनिटं बसून पाहिलं. उठले तेव्हा लालबुंद. "पानी येनार नाई हे खरं," ते म्हणाले, "पन मानूस आत शिजते ना!" तरी ती घेतली, आठ दिवस वापरली आणि शेवटी मामींनी तिचं कूलरखाली घालायला जाजम केलं. मग चंद्रपूर. तिथल्या दुकानदाराने आधी आम्हाला गमछे दाखवले, मग टोप्या, आणि पावसाळी पँट म्हटल्यावर आमच्याकडे काळजीने बघत विचारलं, "काका, कूलरच्या सीझनमंदी रेनकोट काऊन मागून राह्यले? मिरगात या ना." मामा म्हणाले, "मिरगात नदी मले उभी राहू देईल का? तुमी माळ्यावरचा माल काढा."

माल निघाला. मामांनी एकेक पँट कानाशी नेऊन चोळून ऐकली. "हे चिवड्यावानी वाजते. मासोळ्या पळतात." दुसरी पिवळीधमक, ती डोहात सूर्य उतरल्यागत दिसेल म्हणून बाद. तिसरी त्यांनी समोरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर टाकली आणि ती किलोभर वांग्यांपेक्षा जड भरली. चौथी हलकी होती, आवाज करत नव्हती, मातकट रंगाची होती. मामा तिच्यात उकिडवे बसले, कारण मासा गळावरून सोडवायला उकिडवं बसावंच लागतं, आणि दुकानभर ऐकू जाईल असा टर्र आवाज होऊन ती मागून फाटली. दुकानदाराने पैसे मागितले नाहीत. त्याला बहुधा आम्ही लवकर जायला हवे होतो.

चांगली पँट शेवटी मी आणली. हे मला लिहायलाच हवं. नागपूरला कामाने गेलो होतो, तिथे डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं दुकान दिसलं आणि राखाडी रंगाची एक पँट दिसली, जी मुठीत मावत होती. मामांनी ती कानाशी नेली, ऐकली, पुन्हा ऐकली. उकिडवे बसले. मग आम्ही तिचा एक पाय खालून बांधून कूलरच्या टाकीत अर्धा तास बुडवून ठेवला आणि आतून हात घातला. ठणठणीत कोरडं. मामांनी मला मिठी मारली. बत्तीस वर्षं लोकांना मुक्कामी पोचवणाऱ्या त्या माणसाने मला आयुष्यात पहिल्यांदा चांगला ड्रायव्हर म्हटलं, तेही त्या पँटमुळे.

रोज पहाटे ते पायात प्लास्टिकची पिशवी घालत, तिच्यावर पँटचं तोंड ओढत आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळत. नदीचा एक थेंब आत जाणं शक्य नव्हतं. महिनाभर मामा इतके खूश होते की मला फोन करून उगाच विचारत, "नागपूरले आता कधी जाता?" दहाला काठावर येऊन सगळं सोडायचं, पाय दुपट्ट्याने पुसून वाळवायचा आणि घरी जाऊन कागदावर उभं राहायचं. कागद रोज कोरा.

एक दिवस मात्र घाईत ते तसेच घरी आले, दाराशीच पट्टी सोडली, आणि कागदावर पाचही बोटं उमटली. मामी रडायलाच लागल्या. "आतपर्यंत गेले असान तुमी. काऊन असं करता वो?" मामा शपथा घेत होते की पाणी गुडघ्याच्या वर आलंच नाही. मला बोलावणं आलं. मी गेलो आणि आम्ही दोघांनी, दोन मोठ्या कर्त्या पुरुषांनी, ती पँट पुन्हा कूलरच्या टाकीत बुडवली. अर्धा तास घड्याळ लावून बसलो. आत हात घातला तर पहिल्यासारखीच कोरडी. मामा आनंदाने ओरडले, "पाहा, पँट साफ हाय! घाम होय तो, निस्ता घाम!" मामींनी डोळे पुसले, मीही हसलो, सगळ्यांनी चहा घेतला. त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात, रबराच्या पट्टीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत महिनाभर रोज चार तास तो पाय स्वतःच्याच घामात भिजत होता. आम्ही पँट तपासली. पाय कोणीच पाहिला नाही. मामांना तर तो जाणवतच नव्हता.

आठवड्याने ताप भरला आणि जखमेवरची पट्टी उघडली, तेव्हा तिच्यातून वास आला. आधी बोटं गेली, मग पंधरा दिवसांत गुडघ्याखालून पाय. वॉर्डात मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मामाच म्हणाले, "जवाई, पँट चांगली होती. तिले नाव नोका ठेवू." मी बाहेर जाऊन जिन्यात उभा राहून रडलो. अजूनही कोणी दुकानात कपडा हातात घेऊन त्याच्या हलकेपणाचं कौतुक केलं की मी दुकानाबाहेर येऊन उभा राहतो. मामी मला कधीच काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मामा गेल्या थंडीत गेले, झोपेतच. पण त्याआधीचा उन्हाळा त्यांना मिळाला, आणि त्यातली एक सकाळ मी त्यांना दिली, एवढंच मी स्वतःला सांगत असतो. एप्रिलमध्ये त्यांनी मला फोन केला. "डॉक्टरले विचारलं. जखम भरली. आता त्याले पानी लागलं तरी चालते." मी त्यांना मोटरसायकलवरून नेलं. कुबड्या मी आडव्या बांधल्या होत्या. सगळ्या रस्त्यात ते एकदाही गेअर पाडा म्हणाले नाहीत. डोहाच्या कडेला एक सपाट खडक आहे, पाण्यात शिरलेला. त्यावर मी त्यांना बसवलं. डावा पाय मात्र अजून जपायचा होता, म्हणून मी शेजारी बसून तो माझ्या मांडीवर घेतला. मग त्यांनी लुंगी वर केली आणि उजवा, गुडघ्याखाली संपलेला, हळूच पाण्यात सोडला.

गळ त्यांनी आणलाच नव्हता. पलीकडच्या वाळूत कलिंगडाच्या वाडीला कोणी पाणी घालत होतं. मग त्यांचा चेहरा एकदम बदलला आणि ते दबक्या आवाजात म्हणाले, "हालू नोका जवाई. बारीक मासोळ्या आल्या. बोटं चावून राह्यल्या ना."

मी वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं, तळाची वाळू दिसत होती, आणि मध्ये काहीही नव्हतं. त्या पायाच्या बोटांना कितीतरी वर्षांत काही लागलं नव्हतं, खिळासुद्धा.

"कोणतं बोट?" मी विचारलं.

"अंगठा," ते म्हणाले, आणि गुदगुल्या झाल्यासारखे हसले. मी त्यांचा दुसरा पाय मांडीवर तसाच धरून ठेवला. ऊन चांगलं वर आलं तरी त्यांनी उठायचं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.