खिडकीतली ताई

आमची ताई हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत बसते, तेव्हा तिच्या बोलण्यात नुसती साखर असते. पेशंट काय वाट्टेल ते विचारतात. "जेवणाआधी म्हणजे माझ्या की घरच्यांच्या?" "गोळी फार कडू आहे, माझ्याऐवजी नवऱ्याने घेतली तर चालेल?" ताई न हसता, न चिडता सगळ्यांना समजावते. घरी येईपर्यंत ती साखर संपते. मग बाबांनी नुसतं "अगं, ते औषध..." म्हणायचा अवकाश, की "किती वेळा सांगायचं, बाबा!" बाबा पाकीट परत खिशात घालत.

आणि अवघड झालं होतं ते बाबांचंच. पोटात चरबी पचवणारा रस तयार होईना, खाल्लेलं अंगी लागेना. पँट नाडीने बांधायची वेळ आली. वजन आणखी उतरलं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषध होतं बुरशीपासून काढलेल्या तसल्याच रसाची कॅप्सूल, प्रत्येक जेवणासोबत. बाबा शपथेवर सांगत, "रोज घेतो."

बुरशीचा तो रस शुद्ध करणं ही माझी नोकरी. त्यामुळे ताईने खापर माझ्यावर फोडलं. "तुमची बुरशीच कुचकामी!" माझं डोकंच फिरलं. अहो, बुरशी वाढवा, तिचं पाणी गाळा, मीठ घालून साका खाली बसवा, तो पुन्हा विरघळवून काचेच्या नळीतून थेंब थेंब उतरवा, आणि हे सगळं बर्फात, कारण रस कढत झाला की मेलाच. बोटं बधिर होतात माझी! मी बाबांची एक कॅप्सूल प्रयोगशाळेत नेली आणि तिच्यातले दाणे गार पाण्यात विरघळवून एक थेंब तेलाच्या दुधाळ थरावर टाकला. थेंबाभोवतीचं तेल फस्त, थर लख्ख पारदर्शक. कॅप्सूल एक नंबर होती.

हे ऐकवायला मी तडक ताईच्या खिडकीमागे जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात समोर टोकन घेऊन एक गृहस्थ आले. टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. मफलर माझा होता.

"एका मित्राचं विचारायचंय," बाबा आवाज घोगरा करून म्हणाले. "त्याच्या घशात कॅप्सूल अडकते. म्हणून तो ती उघडून उकळत्या सूपमध्ये टाकतो. चालतं ना?"

मी कपाळावर हात मारला. ताई मान खाली घालून पाकिटावर लिहीत होती. "नाही हो काका, कढत पडलं की औषध मरतं. त्यांना सांगा, आतले दाणे गार, मऊ घासावर टाकायचे, न चावता गिळायचे, वर पाणी प्यायचं. आणि घाबरू नका म्हणावं, खूप जणांचं असं होतं."

"बरं झालं विचारलं. मित्राची मुलगी औषधांतलीच आहे, पण ती ओरडते हो."

ताईने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू.

"काका, आणखी काही विचारायचंय?" तिने त्याच आवाजात विचारलं.

"आज नको. लाइन फार आहे."

संध्याकाळी ताई घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. टेबलावर ताटं सरकवायला भिंतीत एक झडप आहे, ती उघडून तिने डोकं बाहेर काढलं.

"पुढचं टोकन!"

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मफलर सारखा केला आणि उठले. सूप पार गार झालं, तरी त्यांचे प्रश्न संपेनात.