वफ्राचं इंजिन, मंगफचा काटा

या सदरातल्या ‘अद्भुत’ अनुभवांखाली मी आजवर तिरकस प्रतिक्रियाच लिहिल्या आहेत. ‘पुरावा काय?’ हा माझा ठरलेला प्रश्न. माझे बाबा नाशिकच्या स्टँडवर बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाटायचे, आणि मी फ्रॉकच्या वयात त्यांच्याबरोबर उभी असायचे. अक्षरओळख झाली तीच त्या पत्रकांवर. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय... पण झालं ते झालं.

मी कुवेतमध्ये मंगफला राहते. नोकरी प्रेशर गेज तपासून कॅलिब्रेट करण्याची. आईचे मावसभाऊ, सदामामा, कुडाळकडचे मेकॅनिक. माझ्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, वफ्राला, एका कुवेती म्हाताऱ्याच्या खजुराच्या बागेतली यंत्रं सांभाळतात. या मालकाची साठच्या दशकातली अमेरिकन स्पोर्ट्स कार शहराकडच्या सलवा भागातल्या घरी उभी असते. तिचं मूळ ऑइल प्रेशर गेज स्वच्छ करून तपासायला मामांनी माझ्याकडे दिलं.

या जुन्या गेजला वायर नसते. इंजिनातलं तेल एका बारीक नळीतून थेट गेजच्या पाठीमागे येतं, आतल्या पितळी वाकड्या नळीला दाबतं आणि काटा हलतो. नळी जोडलेली नसेल तर काटा हलायचा काही संबंधच नाही.

गेज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं, मागचं तोंड उघडं. आणि रोज सकाळी चहा करताना काटा शून्यावरून उठून चाळीसवर जायचा. थोडा वेळ थांबायचा आणि परत यायचा.

मी चिडलेच. आधी वाटलं उष्णता असेल. एसी वाढवला, गेज कपाटात ठेवलं, हॉलमध्ये नेलं. फरक शून्य. लॅबमध्ये नेऊन टेस्ट पंपावर लावलं तर प्रत्येक आकड्याला अचूक! घरी आणलं की सकाळी पुन्हा चाळीस.

मग एका सकाळी काटा हललाच नाही. चला, सुटले, असं म्हणतेय तोच मामांचा फोन.

“काय गो, चाय घेतलंस?”

“घेतेय. तुम्ही आज निवांत दिसताय.”

“आज खंडेनवमी. इंजिन पुजलंय, झेंडूची माळ घातलंय. आज त्येका हात लावूचो नाय.”

“कुठलं इंजिन?”

“त्या गाडीचा जुना. मालकान गाडीत नवीन बसवल्यान, पण जुना टाकवना. मग मी ता बागेच्या पंपाक जोडलंय. रोज सकाळी त्याच्यावरच पाणी देतंय.”

हातातला कप मी खाली ठेवला. योगायोग, दुसरं काय. पण योगायोग तपासता येतो. म्हणून पुढच्या शुक्रवारी मी मामांना फोनवर धरलं. म्हटलं, पंपाच्या खोलीबाहेर उभे राहून फोन करा म्हणजे मला आवाज येणार नाही. मग फोन बाहेरच ठेवून आत जा, दार लावा आणि इंजिन हवं तेव्हा चालू करा, हवं तेव्हा बंद करा. तुम्ही काय केलंत ते मी सांगणार.

“आमी नारळ फोडलो तर लेक्चर देतंस, आणि ह्यो कसलो गो प्रयोग?”

“करा तर.”

मी एकदाही चुकले नाही. मामा दर वेळी बाहेर येऊन “बरोबर” म्हणायचे, आणि त्यांचा आवाज दर वेळी जरा बारीक होत गेला.

“बस झाला आता,” ते म्हणाले. “चालू ठेवतंय. पाणी देऊक होया. तवसर इंजिनाकडे बसान फिल्टर पुसतंय, तू बोल.”

काटा चाळीसवर होता. मी आईबद्दल काहीतरी सांगत होते. आणि माझ्यादेखत काटा खाली घसरला. शून्यावर.

“बंद केलंत?”

“नाय. चालू आसा. ऐक.” त्यांनी फोन इंजिनाजवळ धरला. मागची अंधुक धडधड आता स्पष्ट ऐकू येत होती.

तेलाचा दाब गेलेल्या इंजिनात लोखंड लोखंडावर घासतं, आणि मग आतला दांडा बॉडी फोडून बाहेर येऊ शकतो. मामा त्याच्या शेजारी उकिडवे बसलेले. त्या इंजिनावर दुसरं गेज नव्हतं, मामा सगळं कानावर चालवायचे. आणि मी सांगणार कशाच्या जोरावर? कशालाही न जोडलेल्या एका काट्याच्या?

“मामा, बंद करा. बाजूला व्हा.”

“कित्याक?”

“काटा शून्यावर आलाय.”

ते हसले. “तुझ्या बापसान ऐकल्यान तर...”

“आधी बंद करा!”

धडधड थांबली.

संध्याकाळी त्यांनी इंजिन उघडलं. ऑइल पंप फिरवणारा छोटा शाफ्ट तुटला होता. म्हणजे तेलाचा दाब खरंच शून्यावर आला होता.

मालकांना मी जसं घडलं तसं सांगितलं, आणि गेज सध्या परत द्यायची हिंमत होत नाही हेही. ते अरबी मिसळलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाले, “माफी मुश्किल,” म्हणजे काही हरकत नाही, “रखो तुम.” बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पुन्हा मोजलंस?” मी हो म्हटलं. “मग लिही. कारण माहीत नाही, असंही लिही.”

कारण मला खरंच माहीत नाही. कुणी ‘आत्मा’ म्हणालं तर मी अजूनही भांडेन.

इंजिन दुरुस्त झाल्यावर मी हट्टाने मामांना नवीन गेज आणून दिलं आणि नळीने नीट जोडायला लावलं. त्यावर बघा, मला विचारू नका, असं बजावलं. तरी रोज सकाळी फोन येतोच.

“माझ्यावर चाळीस आसा. तुझ्यावर?”

मी टेबलाकडे बघते आणि सांगते. अजून तरी दोन्ही आकडे जुळतात. ज्या सकाळी जुळणार नाहीत, त्या सकाळी मामांना मी कोणता काटा खरा मानायला सांगेन... मला ठाऊक नाही.