माझी भाषणं हरली, कोरियन मालिका जिंकली

मित्रांनो, आज माझा पराभव झाला आणि मी खूश आहे.

पुसदची माझी काकू कित्येक महिने धड झोपली नाही. घरचे दृष्ट काढत राहिले. मनाच्या आजाराची लाज कसली, यावर मी दोनदा कडाडून बोललो. ती म्हणाली, "मी काय पागल झाली?"

आज सकाळी स्वतःच तयार होऊन बसली. "बाबू, मनाच्या डॉक्टरकडे ने मले."

"आता काहून?"

"त्या कोरियन सिरीयलमधली पोरगी गोळ्या खाते, अन् ऑफिसात सायबाशी भांडते बी. तिले लाज नाही, मले कायले?"

डॉक्टरांशी ती भरभरून बोलली. बाहेर येऊन म्हणाली, "तू बी दाखवून घे. लय चिडतो तू."

मंगळवारी माझा नंबर लागलाय. तुमच्यापैकी कोण येतंय सोबत?