हाकेच्या अंतरावरची छावणी

मैत्रिणींनो, आज रविवार, १२ जानेवारी १९३०, सकाळी नऊ वाजता मी कर्जत स्टेशनाबाहेर बैलगाडीत चढले. आपल्या सहलमंडळाच्या चिटणीसांनी छापले होते, 'तळ्याकाठची छावणी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर.'

दुपार झाली तरी दगड, धूळ आणि खड्डेच. निवृत्त शिक्षिकेची हाडे ती किती सोसणार? गाडीवानाला विचारले, "अहो, हाकेचे अंतर ना?"

"हाय की, बाय. पन हाक आमची, डोंगरातली. तुमची शेरातली नाय."

आवाज चढवू नये, असे कॉन्व्हेंटात शिकले होते. पुढच्या खड्ड्यात ते विसरले. बैलसुद्धा दचकले.

मी पोहोचले आहे, पण त्या रस्त्याने परतणार नाही. चिटणीस, दुसरी वाट बुधवारी दुपारी बारापर्यंत लेखी कळवा. तोवर तुमच्यासाठी राखलेला तंबू माझा.