चार मिनिटं दहा सेकंद

नवनाथ कडाळेचं पेठ नाक्याजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. द्राक्षबागांत फवारणीचे ड्रोन आले, तसे तेही बिघडून त्याच्याकडे यायला लागले. भंगारात निघालेल्या ड्रोनच्या सोळा मोटारी त्याने तीन वर्षांत जमवल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर बसवल्या आणि मध्ये स्कूटरची सीट ठोकली. माणसाला घेऊन उडणारी गाडी!

गणित पगारे सरांचं. रंगनाथ पगारे विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, नवनाथचे शाळेतले सर. रोज संध्याकाळी दुकानात येऊन ते वही उघडायचे.

"बॅटरी वाढवली की वजन वाढतं, आणि वजन वाढलं की बॅटरी पुरत नाही," सर म्हणायचे. "पेठ नाक्यावरून सीबीएस स्टँडला पोचशील तू. परत मात्र रिक्षानेच ये."

"एकदा पोचू तरी द्या, सर."

मार्चमध्ये म्हसरूळच्या पुढे एका मोकळ्या वावरात गाडी उडाली. नवनाथचं वजन अठ्ठेचाळीस किलो, ते कामी आलं. दोन पुरुष उंच जाऊन ती बांधावरच्या बाभळीला वळसा घालून आली. खाली सर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने सेकंद मोजत होते. गाडी टेकली तेव्हा चार मिनिटं दहा सेकंद झाले होते. बघायला सर होते आणि नवनाथची बायको उज्वला. दोघांपैकी कुणालाही मोबाइलवर शूटिंग घ्यायचं सुचलं नाही.

बातमी मात्र पसरली. पुढच्या महिन्यात एका मंडळाने नवनाथचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि मग प्रात्यक्षिक. वारा होता. सर म्हणाले, "आज नको." नवनाथलाही ते पटत होतं. पण मैदान भरलेलं, मोबाइल वर झालेले, आणि कुणीतरी ओरडलं, "उडव की रे! का फक्त नारळ घ्यायला आलास?"

गाडी डोक्याएवढी वर गेली आणि कलंडली. स्वतःला सावरायला नवनाथने डावा हात बाहेर काढला आणि त्याची दोन बोटं पंख्यात गेली. ती पडलेली कुणाला दिसली नाहीत, म्हणून लोक हसत राहिले. रक्त दिसलं तेव्हाही मागचे हसतच होते. तो व्हिडिओ खूप चालला. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'याला आधी सायकल शिकवा.'

वाइंडिंगची तार बोटांनीच ओढून बसवावी लागते. दुकान बंद झालं.

तेव्हा योगेशशेठ आला. दिंडोरी रस्त्याला त्याची द्राक्षबाग, तिथेच वाइनरी आणि हॉटेल. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे यायचे.

"गाडी मला दे आणि तूही ये," तो म्हणाला. "उडायचं नाय. क्रेनला लटकायचं. वरून हात करायचा, लोक फोटो काढतील."

"शेठ, ती खरंच उडलीय."

"असंल. पण लोकांनी तुला पडतानाच बघितलंय ना?"

मोटारी काढून त्यांच्या जागी प्लास्टिकचे पंखे बसवले. नवनाथला पांढरा गणवेश दिला, गळ्यात माइक दिला आणि बोलायचं काय तेही पाठ करून घेतलं: "नमस्कार मंडळी, माझी गाडी कधीच उडली नाही. आठच बोटं राहिलीत, म्हणून आता क्रेनने येतो!" लोक हसायचे. हसणं थांबेपर्यंत गप्प राहायचं, हेही शेठनेच शिकवलं.

डिसेंबरात एका रविवारी पगारे सर एसटीने आले. इथे काय चालतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते टेबलांच्या मधोमध उभे राहिले, वर बघितलं आणि सगळं ऐकलं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाले, "खोटं आहे हे. गाडी उडली होती. चार मिनिटं दहा सेकंद. घड्याळ माझ्या हातात होतं."

सगळ्यांनी वर बघितलं. काउंटरपाशी उभ्या योगेशशेठनेही.

नवनाथने माइक तोंडाजवळ घेतला. "मंडळी, हे माझे सर," तो म्हणाला. "वय झालंय. घड्याळ बंद पडलंय, ते त्यांच्या लक्षात आलेलं नाही."

एवढा हशा त्या बागेत आजवर झाला नव्हता. सरांनी खरंच मनगटाकडे बघितलं, आणि त्यावर लोक आणखी हसले. मग ते वळले आणि द्राक्षाच्या ओळींमधून रस्त्याकडे चालत गेले. नवनाथने क्रेनवाल्याला खाली घे म्हणून खूण केली. पण पाहुण्यांची जेवणं उरकल्याशिवाय खाली घ्यायचं नाही, अशी शेठची ताकीद होती. एसटी येईपर्यंत सर थांब्यावर उभे होते. वरून ते स्पष्ट दिसत होते.

घरी उज्वलाने विचारलं, "सर आले होते म्हणे. काय म्हणाले?"

"काही नाही," नवनाथ म्हणाला.

सरांनी पुन्हा फोन उचलला नाही.

योगेशशेठला मात्र तो प्रसंग फार आवडला. पुढच्या शनिवारपासून त्याने हिरामण वेटरला जाड भिंगाचा चष्मा आणि बंद घड्याळ दिलं. जेवणं रंगात आली की हिरामण टेबलांच्या मधे उभा राहायचा आणि ओरडायचा, "खोटं आहे हे!" पहिल्याच दिवशी त्याने सरांचा आवाज इतका हुबेहूब काढला, की पाहुण्यांनी त्याला ते पुन्हा करायला लावलं.

नवनाथने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.