हळदीकुंकवाच्या झाडावरल्या अळ्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे हळदीकुंकवाच्या झाडाला पाणी घालणं. बायकोनं फर्दापूरच्या माहेरातून आणलेलं ते झाड उस्मानपुऱ्यातल्या आमच्या अंगणात कमरेएवढं झालं होतं. उन्हं उतरली होती. लाल-पिवळ्या फुलांवर नारिंगी फुलपाखरं झोपेत असल्यासारखी हलत होती, अन् खाली पट्ट्यापट्ट्याच्या अळ्या पानं खात होत्या. मी म्हणालो, "उद्या सकाळी औषध फवारतो, नाय तर झाड जाईल." ती म्हणाली, "अवो, ही काय तुमची कपाशी हाय का? ह्याच अळ्यांची ती फुलपाखरं व्हतात. पानं काय, पुन्हा फुटतील." "फवारणार म्हंजी फवारणार," मी बोललो. ती हसली अन् बादली घेऊन आत गेली. पहाटे ती झोपेतच गेली. उजाडलं तवा घर बायांनी भरलं होतं. मी अंगणात आलो. अळ्यांनी एक फांदी पार उघडी केली होती. जन्मभर कपाशीतल्या अळ्या ज्या बोटांनी चिरडल्या, त्याच बोटांनी मी एकेक अळी उचलून पानं असलेल्या फांदीवर ठेवत गेलो. बोटं पांढऱ्या चिकानं चिकट झाली. दारातून कुणीतरी म्हणालं, "चला, तिच्या आंघोळीचं पाणी तापलंय." मी म्हणालो, "थांबा, अजून दोन राहिल्यात."