देवमासा आणि तुरीचा मर

नागेंद्र म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, भालकीजवळच्या मेहकरचा. ऐन तारुण्यात तो मलपे बंदरावर मासेमारीच्या बोटीवर गेला आणि चाळिशी उलटल्यावर गावी परतला. लिंगायताच्या पोरानं मासे धरले म्हणून गावानं त्याची भरपूर टर उडवली. तो मात्र हॉटेलात चहा पिताना देवमाशाच्या गोष्टी सांगायचा. "मासा म्हणत्यात, पण मासा न्हाई त्यो. पिल्लाला दूध पाजतोय." सगळ्यात मोठ्यानं हसायचा त्याचा थोरला भाऊ, अमृतप्पा.

वाटणीत अमृतप्पानं आपणहून विहिरीकडचं रान त्याला दिलं. भाऊ असावा तर असा, असं अख्खं गाव म्हणालं. मीही म्हणालो. नागेंद्र तर त्याच्या पाया पडला. त्या रानात एवढी वर्षं नुसता जोंधळाच का असायचा, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं हौसेनं तूर पेरली.

फुलं लागली आणि झाडं उभ्या उभ्या सुकायला लागली. पाणी कमी पडलं असेल म्हणून या वेड्यानं विहिरीचं पाणी सोडलं. तूर आणखीच वाळली. शेवटी शेजारच्या ग्यानबानं एक झाड उपटून बुंधा चिरला. आत काळ्या रेघा होत्या.

"मर हाय ह्यो, बुरशी. ह्या मातीत लई सालापासून हाय. म्हणून तर तुझा अण्णा हितं तूर घेत नव्हता. तुला बोलला न्हाई व्हय?"

त्याच आठवड्यात येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडे सगळं गोत रानात जेवतं. अमृतप्पाच्या रानात पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील वाढली होती. नागेंद्र पानावर बसला, पण घास उचलला नाही.

"अण्णा, देवमासा केवढा मोठा! पण श्वासाला त्याला वर यावंच लागतंय. दिसला की बोट बाजूला घ्यायची. ही बुरशी दिसतच न्हाई. मातीत गप बसती, मुळातून आत शिरती, झाडाचं पाणी तोडती. झाड मेल्यावर कळतंय."

"आरं, दोन्हीचा काय संबंध?" अमृतप्पा हसला. बाकी कुणी हसलं नाही.

"समुद्राची मला लई भीती वाटली. तुझी कधी वाटली न्हाई. तुला ठाऊक होतं का न्हाई, एवढंच सांग."

त्याला फक्त 'न्हाई' ऐकायचं होतं. अमृतप्पा धडधडीत खोटं बोलला असता तरी नागेंद्रानं ते मानून घेतलं असतं, आणि भाऊ राहिला असता.

अमृतप्पानं त्याच्या पेल्यात आंबील ओतली. "सांगितलो असतो तर घेतला असतास का तू ते रान?"

नागेंद्र पानावरून उठला आणि बांधाकडे चालू लागला. मला त्या थोरल्याची शिसारी आली. आता तरी हा भावाला हाक मारेल, असं वाटलं. त्यानं मारलीही.

"आरं, येळवशीला कुणी उपाशी जाऊ नये! माझ्या रानाला बाधंल!"